नागदवणा लावायचा, पण किती?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापूस आणि ज्वारी सोडून तिसऱ्याच पिकाचे नाव काढले की मागच्या रांगेतून हमखास आवाज येतो, "भाऊ, भाव काय?" प्रश्न रास्त आहे. आज मी तो थोडा मागे ठेवणार आहे, टाळणार नाही. आधी झाड ओळखून घेऊ. त्याच्या भावाचे उत्तर बरेचसे त्याच्या स्वभावातच दडलेले आहे.

२०१७ साली शेंदरी बोंडअळीने पऱ्हाटीची काय दशा केली ते तुम्ही भोगले आहे. ज्वारीचे म्हणाल तर पाखरे राखायला माणूस नाही, कापायला मजूर नाही, आणि कडब्यापुरतीच ती पेरायची असे कित्येक घरांत ठरून गेले आहे. अशा वेळी गावात कोणीतरी मोटारसायकलवर येतो. पिशवीतून रंगीत कागद काढतो. औषधी वनस्पती लावा, कोरडवाहूत येते, जनावर खात नाही, फवारणी लागत नाही, माल आम्हीच उचलू. कधी ती मुसळी असते, कधी कोरफड, कधी अश्वगंधा. नागदवण्याचे नावही त्यात येते. म्हणून आज नागदवण्याचीच गोष्ट घेतली.

नागदवण्याला संस्कृतात नागदमनी म्हणतात, आपल्याकडे कोठे कोठे ढोरदवणाही म्हणतात. नेपाळ आणि दार्जिलिंगच्या बाजूला हीच तितेपाती. जोतिबाला चैत्रात वाहतात तो दवणा हा याचा भाऊबंद. एका कुळीची, पण दोन वेगळी झाडे. दवणा ठेंगणाच राहतो, हंगाम संपला की मरतो. नागदवणा कमरेएवढा, कधी डोक्याएवढाही होतो, आणि जमिनीखाली कांड्या पसरवून वर्षानुवर्षे टिकतो. पान फाटल्यासारखे कातरलेले, वरून हिरवे, खालून पांढुरके लवदार. चुरगळले की उग्र, कडसर वास येतो.

हे पान नीट बघून ठेवा, विशेषतः मायबहिणींनी, कारण निंदण तुमच्या हातात असते. कोवळेपणी नागदवण्याचे रोप आणि गाजरगवताचे रोप पुष्कळसे सारखे दिसते. दोघे एकाच मोठ्या कुळातले, सूर्यफुलाच्या. नजर चुकली तर एक तर नागदवणा उपटून फेकला जाईल, नाहीतर गाजरगवत औषधात जाईल. यातली दुसरी चूक फार वाईट. पान उलटे करायचे, पांढरी लव दिसली पाहिजे, आणि वास घ्यायचा. ज्यांना गाजरगवताने अंगाला खाज सुटते त्यांना नागदवण्यानेही त्रास होऊ शकतो. त्यांनी या कामाला हात न लावलेला बरा.

आता बी. नागदवण्याचे बी म्हणजे तीळ नव्हे, खसखसही नव्हे, त्याहून बारीक. एका ग्रॅममध्ये काही हजार दाणे बसतात. आपली सवय कपाशीची सरकी टोबायची, ज्वारी तिफणीने दोन बोटे खोल सोडायची. ती सवय इथे घरी ठेवून यायची. हे बी मातीखाली गेले की संपले, कारण उगवायला त्याला उजेड लागतो. ते मातीच्या अंगावर पडले पाहिजे, मातीच्या पोटात नाही.

म्हणून शेतात पेरायचेच नाही, वाफ्यात रोप करायचे. घराजवळ किंवा विहिरीजवळ तीन फूट रुंद, वीतभर उंच वाफा करा. वरचा थर चाळलेल्या शेणखताचा आणि मातीचा. खत जुने हवे, ताजे असले तर त्यातल्या तणाच्या बिया आधी उगवतील आणि तुमचे रोप शोधायला भिंग लागेल. वाफा आदल्या दिवशी भिजवून ठेवा. चिमूटभर बी ओंजळभर बारीक कोरड्या वाळूत मिसळून हाताने भुरभुरा. वरून माती टाकू नका. फळीने किंवा तळहाताने हलके दाबा, म्हणजे बी मातीला चिकटते. बारदान झाकू नका, उजेड अडतो. ऊन आणि पावसाचा मारा नको म्हणून हातभर उंचीवर तुराट्यांचा विरळ मांडव करा किंवा जुने पातळ लुगडे ताणून बांधा. पाणी बारीक झारीने. बादलीने ओतले की सगळे बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होते.

इथे एक गोष्ट कानात बांधून घ्या. झारी नसली की आपण पाठीवरचा पंप उचलतो. ज्या पंपाने कधीही तणनाशक मारले आहे त्याने या वाफ्यावर पाणी मारू नका. कितीही धुतला तरी नको.

आठ-पंधरा दिवसांत कोंब दिसतात, ते इतके बारीक की आधी शेवाळ वाटते. पहिले पंधरा-वीस दिवस रोप जागचे हलत नाही. घाबरून युरिया टाकायची गरज नाही. वाफा ओला राहावा, पण चिखल नको, नाहीतर रोपे बुडाशी कुजून आडवी पडतात. दाट झाली तर विरळणी करा. पाच-सहा आठवड्यांत चार-सहा खरी पाने येतात, बोटभर उंची होते, तेव्हा रोप लावणीला आले. मृगाचा पाऊस पडल्यावर वाफा टाकला तर श्रावणाच्या सरींत लावणी होते. पाण्याचा खर्च वाचवायचा तो तेवढाच.

लावणी दीड फूट बाय दीड फूट. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, सातबाऱ्यावर एक आर लिहितात जवळजवळ तेवढाच. त्यात साधारण ४८० रोपे बसतात. म्हणजे बी किती लागेल? कागदावर एका ग्रॅमचा छोटासा भाग. मर, मुंग्या, वाहून जाणे सगळे धरले तरी गुंठ्याला एक-दोन ग्रॅम पुष्कळ झाले. आता जो माणूस तुम्हाला किलोच्या हिशेबाने नागदवण्याचे बी विकायला येतो त्याला विचारा, भाऊ, तू तालुका पेरायला निघालास का? मुसळीच्या वेळी हेच झाले. २००० सालच्या आगेमागे मुसळीचे कंद सोन्याच्या भावाने विकले गेले. पहिल्यांनी दुसऱ्यांना बेणे विकले, दुसऱ्यांनी तिसऱ्यांना. औषधासाठी विकायची वेळ आली तेव्हा भाव पडलेला होता. बियाणे विकणाऱ्याचा धंदा पावती फाडली की संपतो, आपला तिथून सुरू होतो.

जागा कोठे धरायची? अनेकांच्या मनात येते, धुऱ्यावर लावू, पडीक तर आहे. कपाशीच्या धुऱ्यावर लावू नका. कपाशीवर मारलेले औषध वाऱ्याने धुऱ्यावर जाते. आपण पानच विकणार आहोत, आणि पान धुऊन वाळवायची सोय कोणाकडे नाही. विषाचा अंश तपासणारा खरेदीदार असेल तर तो पोते परत पाठवील. तपासणी न करणारा घेऊन जाईल, आणि ते कोणाच्या तरी काढ्यात जाईल. परसात लावा, विहिरीच्या थाळ्याजवळ लावा, ज्वारीच्या बाजूला लावा. एक काळजी मात्र घ्यायची, वखर आणि नांगर या जागेत घालायचा नाही. जमिनीखालच्या कांडीचा बोटभर तुकडा तुटला तरी त्यातून नवे झाड उठते. वखराला अडकून चार तुकडे शेतात गेले की पुढची काही वर्षे हराळीच्या जोडीला आणखी एक सोबतीण. अमेरिकेतल्या रोपवाटिकांमध्ये नागदवण्याच्या जातीचे झाड चिवट तण म्हणून बदनाम आहे. त्याला चोहोबाजूंनी मोकळी, खुरप्याने साफ ठेवलेली पट्टी सोडा.

कोरडवाहूत येते म्हणतात ते कितपत खरे? हे झाड मुळात सह्याद्रीच्या घाटमाथ्याचे आणि हिमालयाच्या उताराचे. तिथे पाऊस भरपूर, उन्हाळा मवाळ. आपल्या पाणी धरून ठेवणाऱ्या काळ्या रानात पावसाळ्यात त्याचे पाय कुजतात आणि वैशाखात त्याच रानाला भेगा पडतात. निचऱ्याची मध्यम जमीन आणि उन्हाळ्यात घरवापराचे सांडपाणी मिळेल अशी जागा, एवढे त्याला हवे. हे परसात जमते. माळावरच्या पाच एकरांत जमेल असे जो सांगतो त्याला आपल्याकडचा मे महिना दाखवा.

काढणीकडे येऊ. इथेच मालाचे औषध होते किंवा कुटार होते. पावसाळा सरता सरता शेंड्याला बारीक कळ्यांचे तुरे येतात. कळी दिसली आणि फूल उमलले नाही, हा काढणीचा काळ. उमलले की परागकण उडू लागतात, शिंका आणि दमा सुरू होतो, आणि पानातला जोरही उतरतो. सकाळचे दव उडाल्यावर, ऊन चढायच्या आत कापा. खालचा लाकडी बुंधा ठेवून वरचा कोवळा भाग घ्या, म्हणजे झाड पुन्हा फुटते. पिवळी, मातीने माखलेली खालची पाने घेऊ नका. मुठीत मावतील एवढ्याच जुड्या बांधून सावलीत, वारा खेळेल अशा जागी उलट्या टांगा. मोठा भारा बांधला की आतून गरम होतो, काळा पडतो, बुरशी धरतो. उन्हात टाकला तर दोन दिवसांत वाळेल, पण ज्या वासासाठी तो विकत घेतात तो वास सूर्यनारायण घेऊन जाईल.

वाळला कधी समजायचे? काडी वाकवली तर लवली नाही पाहिजे, कट्‌कन मोडली पाहिजे. मग पाने ओरबाडून काड्या वेगळ्या करायच्या. युरियाच्या किंवा सरकीच्या पोत्यात भरू नका, धुतलेल्या सुती पिशवीत भरा, आणि पिशवीवर काढणीची तारीख लिहा.

आता भाव. आधी वजन घेऊ. समजा एका झाडाचा पाव किलो ओला पाला मिळाला. गुंठ्याच्या ४८० झाडांचे १२० किलो झाले. ओल्या चार-पाच किलोचा वाळून एक किलो होतो, म्हणजे २४ ते ३० किलो. त्यातून काड्या काढल्या की आणखी घटले. याला वाफा करणे, लावणी, निंदण, कापणी, जुड्या बांधणे, ओरबाडणे असे किती दिवस लागले ते मांडा. घरच्या बाईचा दिवस फुकट धरू नका. कापूस वेचायला ती दुसऱ्याकडे गेली असती तर जी मजुरी मिळाली असती ती लिहा. खर्चाला किलोने भागा. जो आकडा येईल तो खरेदीदाराच्या आकड्याशेजारी ठेवा. उत्पादन खर्च काढायला आपण कापसावर शिकलो, तेच गणित इथे चालते.

एक एकर म्हणजे ४० गुंठे. ओला पाला ४,८०० किलो. तो एकाच आठवड्यात कापायला येतो. एवढ्या जुड्या सावलीत टांगायला जागा कोणाच्या घरी आहे? त्याच दिवसांत कापसाची पहिली वेचणी येते, खोली, ओसरी, कधी कधी देवघरसुद्धा कापसाने भरते. मजूर वेचणीवर असतात. म्हणून नागदवणा किती लावायचा हे जमिनीवर ठरत नाही. आढ्याखालच्या सावलीवर ठरते. हे त्या रंगीत कागदावर कधी छापलेले नसते.

दुसरी अडचण याहून मोठी. नागदवणा डोंगरात आपोआप उगवतो. तिथून तोडून आणणाऱ्याला जमिनीचा खर्च नाही, वाफ्याचा नाही, निंदणाचा नाही. व्यापारी त्याला तोडणीपुरते देतो. लागवडीचा माल त्याच काट्यावर त्याच भावाने मोजला जाणार. आपला माल स्वच्छ आहे, एकाच झाडाचा आहे, विषमुक्त आहे, यासाठी जादा मोजणारा गिऱ्हाईक आधी सापडला तरच लागवडीला अर्थ आहे. तसा गिऱ्हाईक असतो. पण तो गावात येऊन बी विकत नाही, तो आधी वाळलेल्या पाल्याचा नमुना मागतो.

कोणी म्हणेल, याच कुळातल्या झाडापासून मलेरियाचे औषध निघाले, चीनच्या बाईला नोबेल मिळाले, मग भाव कसा नाही? तीही गोष्ट ऐकून ठेवा. ते झाड नागदवणा नव्हे. ते आर्टेमिसिया ॲन्युआ, वर्षायू झाड. नागदवण्याचा काढा पिऊन मलेरिया उतरत नाही. थंडीताप आला तर सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या. आणि गरोदर बाईला नागदवणा कोणत्याही रूपात देऊ नका.

तर तू यूयू या शास्त्रज्ञ बाई. त्यांनी १९७१-७२ च्या सुमारास त्या झाडातले औषध वेगळे काढले. आधी हाती येत नव्हते, कारण पाला तापवून अर्क काढत होते. सोळाशे वर्षांपूर्वीच्या एका चिनी वैद्याच्या ग्रंथात पाला पाण्यात भिजवून पिळायला सांगितले होते, उकळायला नाही. त्यावरून त्यांनी कमी उष्णतेवर अर्क काढला आणि औषध हाती आले. त्यांना २०१५ साली नोबेल मिळाले.

शेतकऱ्याला काय मिळाले? २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या औषधाचे मिश्रण वापरण्याची शिफारस केली. मागणी एकदम वाढली, पाला पुरेना. २००४-०५ च्या सुमारास शुद्ध औषधाचा भाव किलोला हजार डॉलरच्या वर गेला. चीन, व्हिएतनाम, पूर्व आफ्रिकेत शेतकऱ्यांनी एकरांवर एकर लावले. आपल्याकडेही लखनौच्या सीमॅप संस्थेने जीवनरक्षा नावाचे वाण काढले आणि उत्तरेत करारावर लागवड झाली. सगळ्यांचा माल एकदम आला आणि २००७ पर्यंत भाव दोनशे डॉलरच्या आसपास कोसळला. मलेरिया कमी झाला नव्हता, औषधाची गरजही संपली नव्हती. गोदामे भरली होती, एवढेच. आफ्रिकेतल्या कित्येकांनी झाड उपटून मका लावला. लोक मागे हटले तसा काही वर्षांनी पुन्हा तुटवडा पडला, भाव पुन्हा चढला, पुन्हा उतरला. २०१३ पासून तर यीस्टच्या मदतीने कारखान्यातही हे औषध बनवून पाहिले गेले. कापसातली तेजीमंदी आपण पाहिली आहे, पण कापूस निदान दहा ठिकाणी विकता येतो. या पाल्याला गिऱ्हाईक मोजके. त्यांनी दार लावले की पोते घरात.

आणखी एक खोच त्या झाडात आहे. दिवस साडेतेरा तासांच्या आत आला की ते फुलावर येते. नागपुरात २१ जूनलाही दिवस साडेतेरा तासांच्या वर जात नाही. म्हणजे उत्तरेकडच्या देशांत पुरुषभर वाढणारे वाण आपल्याकडे गुडघ्याएवढे असतानाच तुरा काढून बसते, आणि पाला मिळत नाही. आपल्या अक्षांशासाठी उशिरा फुलणारे वाण लागते. कोणी ॲन्युआचे बी घेऊन आला तर हा एकच प्रश्न विचारा, हे वाण आमच्याकडे किती दिवसांनी फुलते आणि कोणत्या गावात पाहायला मिळेल? गावाचे नाव सांगता आले नाही तर चहा पाजून वाटेला लावा.

उलट दवण्याकडे बघा. पुणे जिल्ह्यात पुरंदरला दवणा होतो. त्याची जुडी चैत्रात देवाला जाते, उरलेल्याचे तेल निघते. गिऱ्हाईक ठरलेला, हंगाम ठरलेला, अंतर एका दिवसाचे. झाड औषधी आहे का नाही हा प्रश्न तिथे दुय्यम आहे. बाजार आधी होता, वाफा नंतर आला.

म्हणून माझे मत असे की यंदा ज्याला हौस आहे त्याने एक गुंठा लावावा, त्याहून जास्त नाही. पाच गावांतल्या पाच जणांनी लावला तर वाळलेल्या पाल्याचा चांगला नमुना तयार होईल. त्याच्या पुड्या करून आयुर्वेदिक औषधे बनवणाऱ्यांकडे आपणच पाठवू, आणि कोण किती मोजतो ते लेखी मागू. करार पुढे आलाच तर त्यात चार गोष्टी वाचून घ्या. वजन ओल्याचे की वाळलेल्याचे, ओलावा कोण आणि कोठे मोजणार, माल नाकारला तर कारण लिहून देणार का, आणि भाव पडला तरी ठरलेला भाव देणार का. यातले एक जरी तोंडी ठेवले असेल तर सही करू नका.

आणि बी विकत घेण्याची वेळ पुन्हा येऊ देऊ नका. गुंठ्यातली पाच झाडे कापायची नाहीत. त्यांना फुलू द्या, तुऱ्यावर पातळ कापडाची पिशवी बांधा. तुरा तपकिरी झाला की कापून कागदावर झटका, चाळा, आठवडाभर सावलीत सुकवून काचेच्या बाटलीत घट्ट झाकण लावून ठेवा. बाटलीवर साल लिहा. एका झाडाचे बी अख्ख्या गावाला पुरून उरते. पुढच्या बैठकीला ज्यांनी लावले असेल त्यांनी ओल्या आणि वाळलेल्या मालाचे वजन, मजुरीचे दिवस आणि पाण्याच्या पाळ्या लिहिलेली वही बरोबर आणावी. ज्यांची रोपे मेली त्यांनीही आणावी. त्यांच्या वहीतही रोपे कोणत्या आठवड्यात मेली ते लिहिलेले असेलच.